संध्याकाळचा पाव फेरा

किल्ली दिवसातून चार वेळा फिरवायची होती. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. प्रत्येक वेळी पाव फेरा. असे चार झाले की जाईच्या नडगीच्या हाडात शस्त्रक्रियेनं पाडलेली फट एक मिलिमीटरनं वाढायची, आणि त्या फटीत नवं हाड भरत जायचं. एकूण पंचेचाळीस मिलिमीटर गाठायचे होते.

जाई नऊ वर्षांची होती. तिचा उजवा पाय जन्मापासून गुडघ्याखाली आखूड होता. पोटरीतलं बारीक हाड जवळजवळ नव्हतंच आणि पावलाला तीनच बोटं होती. चंदीगडच्या सेक्टर बावीसमधला एक कारागीर तिच्या उजव्या बुटाला जाड तळ लावून द्यायचा आणि दर सहा महिन्यांनी तो आणखी वाढवायचा. तळ आणखी वाढला तर पाऊल मुरगळेल, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. आता नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक धातूची पट्टी होती, तिच्यातून निघालेले सहा खिळे कातडीतून हाडात गेले होते आणि पट्टीच्या टोकाला किल्लीनं फिरवायचा स्क्रू होता.

तिचे वडील रघुवीर हवामान खात्यात निरीक्षक. मूळचे अकोल्याचे. चांगल्या डॉक्टर चंदीगडला आहेत हे कळल्यावर त्यांनी अडीच वर्षांपूर्वी नागपूरहून स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली. आई नलिनी वर्ध्याची. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, शस्त्रक्रियेसाठी लांब रजेवर होती. सकाळचा आणि दुपारचा फेरा तिचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा रघुवीरचा. फ्रिजवर तक्ता लावला होता. ज्यानं फिरवलं त्यानं लगेच खूण करायची, हा नियम रघुवीरचाच.

त्याच्या खात्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. निरीक्षण चुकलं तर रकाना कोरा ठेवायचा, अंदाजानं आकडा भरायचा नाही. तीन वर्षांपूर्वी नागपुरात सुशांत नावाच्या एका नव्या मुलानं पहाटेचं तापमान अंथरुणात पडल्या पडल्या लिहिलं, तेव्हा रघुवीरनं त्याच्याविरुद्ध लेखी अहवाल दिला होता. सुशांतची आई रघुवीरला भेटायला आली होती. तरी त्यानं अहवाल मागे घेतला नाही.

पहिले नऊ दिवस तक्ता आणि फेरे जुळत होते. दहावा दिवस धनत्रयोदशीचा होता. दोन खिळ्यांच्या भोवती लाली आली होती, सकाळी ड्रेसिंग करतानाच जाई घामाघूम झाली होती. पाच वाजता रघुवीर किल्ली घेऊन तिच्या खोलीत गेला.

"काय वं, पोट्टे. तयार?"

"पापा, आज नहीं ना. आज तो धनतेरस है."

"धनतेरस असली म्हणून पाय सुट्टीवर जात नाही."

"बस आज. प्लीज. मम्मी को मत बताना."

त्यानं किल्ली स्क्रूला लावली. लावताच तिनं डोळे घट्ट मिटले आणि उशीचं टोक तोंडात धरलं. रघुवीर किल्ली न फिरवता तसाच बसला. पलीकडे नलिनी स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. थोड्या वेळानं जाईनं डोळे उघडले, किल्लीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिनं दाराकडे तोंड करून जोरात "आई गं!" म्हटलं. नंतर हात तोंडावर ठेवून हसली.

तो फ्रिजपाशी गेला आणि पाचच्या रकान्यात खूण केली.

दोन दिवसांनी जादा फेरे देऊन भरून काढू, असं त्यानं ठरवलं होतं. रात्रीचा फेराही तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही. भरून काढायचं म्हणजे एका वेळी दुप्पट दुखवायचं, आणि ज्या हाताला पाव फेरा जमत नव्हता त्याला अर्धा कसा जमणार? खिशातल्या डायरीत मात्र तो न दिलेल्या प्रत्येक फेऱ्याचा पेन्सिलीनं ठिपका काढत होता. फ्रिजवर एक नोंद, खिशात दुसरी.

दिवाळी झाली. बाविसाव्या दिवसानंतरच्या सकाळी, शुक्रवारी, ते तिघं बाह्यरुग्ण विभागात बसले होते. शेजारी पिंजौरची एक बाई होती. तिच्या मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये.

"इसका प्लास्टर पिछले हफ्ते काटा, तो अंदर से चार टॉफियां निकलीं," ती नलिनीला सांगत होती. "मैं समझूं खा रहा है. ये जनाब जमा कर रहे थे."

जाई खळखळून हसली. नलिनीही हसली. तेवढ्यात जाईचा नंबर आला.

डॉक्टर शैलजा किणीकर कोल्हापूरच्या. मराठी रुग्ण आला की त्या इंग्रजी बाजूला ठेवायच्या. "या जाईबाई, काय म्हणतोय पाय?" म्हणत त्यांनी तक्ता हातात घेतला, पट्टी मोजली, मग पुन्हा मोजली. एक्स-रे दिव्यावर लावला.

"तक्ता सांगतोय बावीस. इथं आहेत साडेपंधरा. फिरवतं कोण?"

"आम्ही दोघं," नलिनी म्हणाली. "दोन-दोन वेळा. एकही चुकला नाही, मॅडम. खुणा आहेत ना."

"खुणा दिसतायत. मी चुकला म्हणत नाही. मी हे आधी पाहिलंय. एखादा फेरा उलटा जातो. दिवसातून एक जरी उलटा गेला तरी दिवसाला अर्धा मिलिमीटर कमी पडतो. साडेसहा कमी, म्हणजे तेरा दिवस." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तेरा दिवसांपूर्वी घरात काय बदललं?"

रघुवीरला एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं घसा साफ केला. तेवढ्यात नलिनीच बोलली.

"दिवाण," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "धनत्रयोदशीला साफसफाई केली, तेव्हा हॉलमधला दिवाण फिरवला मी. ऊन मिळावं म्हणून. दुपारचा फेरा दिवाणावर असतो. जाईचं डोकं आता खिडकीकडे येतं. मी दुसऱ्या बाजूनं बसते."

"आणि दिशा दाखवणारा पट्टीवरचा बाण?"

"ड्रेसिंगखाली जातो."

"मग झालं. असंच होतं हे." डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायला घेतलं. "एवढं मनाला लावून घेऊ नका. उलटसुलट झालं असेल तर नवं हाड अजून मऊ असतं. नुसतंच हळू गेलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. हळू गेलं की मुलांचं हाड मध्येच जुळून घट्ट होतं आणि पुन्हा कापावं लागतं. मागच्या बाजूला जरा दाट दिसतंय, पण आत्ताच काही म्हणत नाही. रोज चार, बाण बघून. पुढच्या शुक्रवारी या. किल्ली जड लागली तर थांबू नका, फोन करा."

जाई वडिलांकडे बघत होती. रघुवीर एक्स-रेकडे बघत होता. धनत्रयोदशीपासून तेरा दिवस, दिवाणापासूनही तेरा. हिशेब इतका चोख जुळला होता की त्यात त्याला काही बोलावंच लागलं नाही.

घरी आल्यावर नलिनीनं किल्ली त्याच्या हातात दिली.

"आता चारही तुम्हीच फिरवा. माझाच माझ्या हातावर भरवसा नाही राहिला."

"अगं, एवढं काय..."

"एवढं काय? तेरा दिवस मी माझ्या पोरीला दुखवून मागे नेलं. पुढं नेलं असतं तर दुखण्याचं काही तरी चीज झालं असतं."

तिनं दिवाण एकटीनं ओढत पहिल्या जागी नेला. फरशीवर ओरखडे उठले.

त्या संध्याकाळी पाच वाजता रघुवीरनं खरोखर फिरवलं. जाईला वाटलं होतं नेहमीसारखंच होईल. ती उशीला टेकून दाराकडे तोंड करून तयार होती. स्क्रू फिरला आणि तिचा आवाज निघालाच नाही, फक्त तोंड उघडं राहिलं. मग ती पुटपुटली, "आपने बोला नहीं."

"फिरवायलाच लागतं, बेटा."

"तो मम्मी को बोलो ना. मम्मी सोच रही है उसने किया."

"बोलतो."

"कब?"

त्यानं किल्ली खिशात टाकली. शनिवारी चार फेरे झाले. शनिवारी रात्रीचा जरा जड लागला. रविवारी सकाळचा आणखी जड. बाराच्या फेऱ्याला त्याला किल्ली दोन्ही हातांनी धरावी लागली, वरचे खिळे किंचित वाकल्यासारखे दिसले, आणि जाईनं त्याच्या दंडाला चावा घेतला. डॉक्टरांचं वाक्य त्याला शब्दन्शब्द आठवत होतं. किल्ली जड लागली तर फोन करा. फोन केला असता तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की फेरे खरंच दिले होते ना. त्यानं बाराच्या रकान्यात खूण केली आणि गच्चीवर गेला.

खाली आला तेव्हा नलिनी आईशी फोनवर बोलत होती. "नाही गं आई, त्यांचं काहीच नाही चुकलं. ते तर घड्याळ लावून करून राहिले. माझ्याच हातून झालं. विज्ञान शिकवते मी, आणि मला डावं-उजवं कळलं नाही." तिनं फोन ठेवला, पदरानं चेहरा पुसला आणि जाईच्या खोलीत गेली. रघुवीर दारात थांबला.

नलिनी पलंगाच्या कडेला बसली. "जाई, बेटा, तुला एक सांगायचं होतं. पाय जो आता जास्त दुखून राहिला ना, ते मम्मीमुळे. मम्मी दुपारी उलटं फिरवत होती. मुद्दाम नाही. पण चूक ती चूकच. सॉरी म्हणते मी तुला."

जाईनं आईकडे पाहिलं नाही. ती दाराकडे, वडिलांकडे पाहत राहिली. वर पंखा फिरत होता. नोव्हेंबरातही जाईला पंखा लागायचा, दुखलं की तिला उकडायचं. मग तिनं तोंड उघडलं. ती सांगणार, हे रघुवीरला दिसलं, आणि तिच्या आधी तो बोलला.

"नलू, तू नाही. मी फिरवतच नव्हतो."

नलिनी वळली. "काय?"

"संध्याकाळचा आणि रात्रीचा. धनत्रयोदशीपासून. किल्ली लावायचो आणि बसून राहायचो."

"किती?"

"सव्वीस."

"मोजले?"

"हो."

"आणि खुणा?"

"मीच केल्या."

मग तिनं जाईकडे पाहिलं. "आणि तू ओरडायचीस ते? 'आई गं' म्हणून?"

जाईनं चादर नाकापर्यंत ओढली. "ॲक्टिंग."

"ॲक्टिंग," नलिनी म्हणाली. "मी तिकडे ओट्याला धरून उभी राहायची. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळायचं नाही मला."

"तिला दुखत होतं, नलू. मला ते..."

"मला दुपारी नव्हतं दिसत तिचं दुखणं? मी डोळे बांधून फिरवत होते काय? सात वाजता तुम्ही ड्युटीवर, बारालाही ड्युटीवर. दोन वेळा मी वाईट व्हायचं आणि दोन वेळा तुम्ही लाडके पापा?" तिचा आवाज चढला नव्हता. "तेही सोडा. हॉस्पिटलात तुम्ही माझ्या शेजारी बसले होते. मी दिवाणाचं सांगत होते तेव्हा."

"हो."

"ऐकत होते ना?"

"हो."

"फोन लावा डॉक्टरांना. आत्ता. माझ्यासमोर. स्पीकरवर."

डॉक्टर किणीकर रविवारी दुपारी कुठल्याशा लग्नात होत्या, मागे बँड वाजत होता. रघुवीरनं सव्वीसचा आकडा सांगितला, तारखा सांगितल्या, किल्ली शनिवार रात्रीपासून जड लागतेय हेही सांगितलं. पलीकडे बँडचा आवाज लांब गेला. त्या बाहेर आल्या असाव्यात.

"उद्या आठला आणा. उपाशीपोटी नको, फक्त एक्स-रे. आणि आज आणखी फिरवू नका."

सोमवारी एक्स-रेत मागच्या बाजूला हाडाची पांढरी पट्टी वरच्या तुकड्यापासून खालच्यापर्यंत गेलेली दिसली. रघुवीरला ती दाखवावी लागली नाही. आयुष्यभर रेषा वाचणारा माणूस होता तो.

"वॉर्डात ठेवू," डॉक्टर म्हणाल्या. "तीन दिवस, रोज सहा फेरे, सिस्टर देतील. दुखण्याची औषधं सोबत. कधी कधी ही पट्टी तुटते आणि फट पुन्हा उघडते. नाही उघडली तर शुक्रवारी पुन्हा कापायचं."

"शुक्रवारीच सांगितलं असतं," रघुवीरनं विचारलं, "तर?"

"तर शुक्रवारपासूनच सहा सुरू केले असते."

"त्यानं टळलं असतं?"

"ते मला सांगता येणार नाही. तीन दिवसांचा फरक मोजायचं माझ्याकडे काही साधन नाही." त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

नलिनीनं केसपेपरवर बोट ठेवलं. "मॅडम, इथं मागच्या वेळी लिहिलंय. आईकडून उलट दिशेनं. ते काढाल का?"

डॉक्टरांनी ती ओळ खोडली, शेजारी तारीख घातली, सही केली. "काय लिहू?" त्यांनी रघुवीरला विचारलं.

"वडिलांनी फेरे दिले नाहीत, खोटी नोंद केली," तो म्हणाला.

"पहिलं पुरे आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"दोन्ही लिहा," नलिनी म्हणाली.

तीन दिवसांत अठरा फेरे झाले. सिस्टर केरळच्या होत्या, घड्याळ बघून यायच्या, पट्टीवरचा बाण पाहून फिरवायच्या, निघून जायच्या. जाई त्यांना घाबरली नाही. तिला जे व्हायचं ते औषध असूनही व्हायचं, ती नलिनीचा हात आवळायची आणि सिस्टरना नंतर "थँक यू" म्हणायची. नलिनी रात्री वॉर्डात थांबायची, रघुवीर ड्युटी संपवून डबा घेऊन यायचा. दोघं एकमेकांशी जाईच्या जेवणाबद्दल, औषधांबद्दल, घरातल्या गॅसबद्दल बोलत. बुधवारी नलिनी एवढंच जादा बोलली, "तुम्ही सुशांतचं मला किती अभिमानानं सांगितलं होतं." रघुवीरनं रिकामा डबा पिशवीत भरला.

गुरुवारच्या एक्स-रेत वरचे खिळे आणखी वाकलेले होते आणि फट होती तेवढीच, साडेपंधराच होती.

शुक्रवारी सकाळी नऊला जाईला हिरवा गाऊन घातला. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर दुसरं एक दार होतं आणि तिथपर्यंत एकाच पालकाला सोडत होते. वॉर्डबॉयनं विचारलं, "मम्मी या पापा?"

नलिनी पुढे झाली होती. जाई म्हणाली, "पापा."

नलिनीचा हात स्ट्रेचरच्या दांडीवर तसाच राहिला.

"मम्मी, तू रोएगी," जाई तिला समजावत म्हणाली. "फिर मैं भी रोऊंगी. पापा नहीं रोते."

नलिनीनं तिच्या कपाळावर हात फिरवला आणि बाजूला झाली. रघुवीर स्ट्रेचरच्या बाजूनं चालू लागला. पॅसेज लांब होता, छताला दर चार पावलांवर एक दिवा. जाई वर बघत होती.

"पापा, इसके बाद फिर से घुमाना पड़ेगा ना? पहले से?"

"हो. सात दिवसांनी सुरू."

"कितना?"

"साडेपंधरा झालेत. साडेएकोणतीस राहिले."

तिनं थोडा वेळ मनात काही तरी केलं. "मैं फिर बोलूंगी, आज नहीं. मुझे पता है. बोलूंगी ही." तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तो आप मत सुनना."

तो हो म्हणणार होता. ओठावर आलंही होतं. पण आठवडाभरात त्याला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली होती, आणि ती न कळल्यासारखी करून या मुलीला शब्द देणं म्हणजे आणखी एक रकाना तसाच भरणं होतं.

"मला ऐकू येईल, जाई," तो म्हणाला. "तू म्हटलंस की मला ऐकू येईलच. म्हणून मी एकटा नाही फिरवणार. मम्मीला समोर बसवायचं. मी फिरवीन, ती बघेल, आणि खूण तिनं करायची."

"मम्मी मानेगी?"

"विचारायला लागेल."

"आप पूछोगे? या मैं?"

"मी."

"आज?"

दार आलं होतं. आतून एका नर्सनं स्ट्रेचरचं पुढचं टोक धरलं आणि जाईच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं.

"आज," रघुवीर म्हणाला. "तू आत गेलीस की लगेच."

स्ट्रेचर आत गेलं. तो वळला. पॅसेजच्या त्या टोकाला नलिनी भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हातांत जाईचे बूट, एक साधा आणि एक जाड तळाचा. तो तिच्याकडे चालत निघाला.